दोन हात पांढरा

दस्तगीर शिपायानं पायानंच दार ढकललं. "सर, ह्यो बघा, आणलाय. नाक्यावर वीसजण हुते, पण चेहऱ्यावर एवढ्या सुरकुत्या ह्या एकाच्याच," असं म्हणून तो बाजूला झाला. त्याच्यामागून चपला हातात घेऊन जो माणूस आत आला, तो माझा बाप होता.

ही गोष्ट ब्याऐंशी सालची, सांगलीतली. हळदीच्या एका जुन्या वखारीच्या वरच्या मजल्यावर आमचं कला विद्यालय भरायचं. जी. डी. आर्टच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती आणि त्या दिवशी व्यक्तिचित्राचा पेपर होता. समोर माणूस बसवायचा आणि दोन दिवसांत त्याचं तैलचित्र करायचं. नेहमी बसायला येणारी भाजीवाली गंगूआत्ती तापानं फणफणली होती. म्हणून प्राचार्य निपाणीकर सरांनी दस्तगीरला रोजंदारीच्या नाक्यावर पिटाळलं होतं. "कुणीही आण, चेहरा तेवढा बघून आण," असं बजावून.

आबा दारातच थांबले. अंगात चुन्यानं कडक झालेला सदरा, डोक्याला टॉवेल, भुवयांतसुद्धा पांढरं. अकरा ईझलमागं अकरा पोरं उभी होती. एकेक तोंड बघत बघत त्यांनी मला हुडकून काढलं. चेहरा असा उजळला म्हणता! तोंड उघडलं. आता "विलास" म्हणणार.

"या मामा," मी मोठ्यानं म्हणालो, "असे इकडं या. त्या चौरंगावर बसा."

आमच्या भागात अनोळखी माणसाला मामा म्हणतात. कंडक्टर मामा, पोस्टमन मामा, रस्ता विचारायचा झाला तर पानपट्टीवाला मामा. आबांचं उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

"बरं साहेब," ते म्हणाले आणि चौरंगावर जाऊन बसले.

आता असं का केलं ते सांगतो. चांगलं दिसणार नाही, पण या वयात चांगलं दिसून मला कुणाची मुलगी मागायची नाही. पहिल्या वर्षी निपाणीकर सरांनी वर्गात प्रत्येकाला विचारलं होतं, वडील काय करतात? एकाचे वकील निघाले, एकाची गुळाची पेढी, एकीचे डॉक्टर. माझी पाळी आली तेव्हा जिभेवर "रंगारी" होतं. बाहेर पडलं ते, "ड्रॉइंग मास्तर. आरगच्या शाळेत." सर खूष झाले. "तरीच! घरातच कला आहे की!"

पुढं चार वर्षं मी त्या मास्तराचा मुलगा म्हणून वावरलो. माझ्या चित्रातल्या पांढऱ्यावर सरांचा फार जीव. "पांढरा कसा लावायचा ते कोळेकरकडून शिका. वडिलांकडून आलंय ते," असं पोरांना सांगायचे. आणि ते खरंच होतं, हीच तर गंमत. दर सुट्टीत आबांच्या हाताखाली मी गावोगावच्या भिंती पांढऱ्या केल्या होत्या. "निस्ता चुना पिवळा दिसतो रं," आबा सांगायचे. "चिमटीभर नीळ टाक. मग बघ, पांढरा कसा हसतोय ते." तेच मी कॅनव्हासवर करत होतो, आणि शाबासकी आरगच्या त्या मास्तराला मिळत होती, जो कधी जन्मलाच नव्हता.

त्या पेपरावर माझं सगळं अडकलं होतं. पहिला आलास तर जूनपासून इथंच शिक्षक म्हणून घेतो, असा सरांनी शब्द दिला होता. संस्थेच्या मंडळींपुढं "सुसंस्कृत घरातला मुलगा" म्हणून माझं नाव टाकूनही झालं होतं. आणि आता ते सुसंस्कृत घर चुन्याचे पाय घेऊन चौरंगावर बसलं होतं.

घंटा झाली. मी कोळशानं रेघ ओढली न ओढली तोवर दस्तगीर कागद घेऊन चौरंगापाशी गेला.

"मामा, नाव सांगा. पावतीवर लागतंय."

माझा हात जागच्या जागी थांबला. आरगचा कोळेकर म्हटलं असतं तर कुणीही माझ्याकडं वळून बघितलं असतं. आबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"लिवा की. भाऊ मगदूम."

"गाव?"

"बेडग."

दस्तगीरनं शाईचा पॅड पुढं केला आणि आबांनी भाऊ मगदूमच्या नावावर स्वतःचा अंगठा उठवला. आबा तसे लबाडीला भ्यायचे. चुन्यात पाणी जास्त झालं तरी मालकाला जाऊन सांगणारा माणूस.

मधल्या सुट्टीत मी पाण्याच्या टाकीमागं गेलो. आबा तिथं भिंतीला टेकून भाकरी सोडत होते. आजूबाजूला कुणी नाही हे बघून मी खाली बसलो.

"आबा, कशाला आला हितं?"

"मला काय ठावं ही तुझीच साळा! शिपाई म्हणला, निस्तं बसून ऱ्हायचं काम हाय. म्हटलं, आयुष्यात एकदा बसून तरी बघू." त्यांनी ठेचा बोटानं भाकरीवर ओढला. "आत आलो, तू दिसलास. म्हटलं, आता ह्यांस्नी सांगतो, ह्यो माझा..."

"सांगू नका," मी म्हणालो.

"न्हाई सांगत. सांगितलं का?" ते थोडा वेळ चावत राहिले. "एवढं सांग, तुझ्या ह्या साळंत मी जित्ता हाय का मेलोय? म्हंजी कुणी इचारलं तर चुकाय नगो."

"आबा!"

"आरं, बरूबर हाय की माझं."

"ड्रॉइंग मास्तर आहात. आरगच्या शाळेत."

आबा हसले. खरंच हसले, ठसका लागेस्तोवर. "मास्तर! आन पगार किती सांगितलास? चांगला सांगितलास न्हवं?" मग तांब्यातलं पाणी प्याले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "जा आत. कुणी बघंल. मान जराशी अवघडल्या, पण हालत न्हाई मी. तू काढ."

त्या क्षणी आत जाऊन सगळ्यांपुढं "हे माझे वडील" म्हटलं असतं तर काय झालं असतं? काही झालं नसतं. चार पोरं चार दिवस हसली असती. पण हे मला आज कळतंय. तेव्हा मी टाकीमागून आधी डोकं बाहेर काढून बघितलं आणि मग आत गेलो.

आबा दोन दिवस हलले नाहीत. निपाणीकर सर म्हणाले, असा मॉडेल वीस वर्षांत बघितला नाही. चित्र माझ्या हातून उतरत गेलं. भुवयांतला चुना, दाढीचे पांढरे खुंट, चुन्यानं खाल्लेली बोटं. त्या खुंटांच्या पांढऱ्यात मी चिमटीभर निळा घातला. नजर कुठं लावायची हे आबांना कुणी सांगितलं नव्हतं, पण दोन्ही दिवस त्यांनी ती माझ्या डोक्यावरच्या खिडकीला लावून ठेवली. एकदाही खाली आणली नाही. मला तेवढंच बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी घंटा झाल्यावर आबा चौरंगावरून उतरले. पाय झिणझिणले होते, दस्तगीरनं धरलं.

"साहेब, बघू का जरा?" त्यांनी सरांना विचारलं.

"बघा की मामा. तुमचीच तर आहेत सगळी."

आबा पहिल्या ईझलपासून निघाले. प्रत्येक चित्रापुढं थांबायचे, मान हलवायचे, पुढं जायचे. माझ्यापाशी आले. मी ब्रश पुसत होतो, पुसतच राहिलो. दुसऱ्यांपुढं जेवढे थांबले तेवढेच ते माझ्यापुढं थांबले. कणभर जास्त नाही, कमी नाही. मग अकरावं बघून झाल्यावर सरांना म्हणाले, "समदीच झ्याक काढल्यात."

मी पहिला आलो. चित्र विद्यालयाच्या बोळात लागलं, खाली पट्टी: "वृद्ध मजूर". जूनमध्ये मी कोळेकर सर झालो.

निकालानंतर आरगला गेलो तेव्हा जेवता जेवता आबा म्हणाले, "ते चित्र घरी आणता येतं का रं? तुझी आई बघंल. तिला सांगितलं, मला बसवून काढलंय म्हणून, तर खरं वाटंना तिला."

"परीक्षेचं काम परत देत न्हाईत, आबा. ते संस्थेचं असतं."

"असं हाय व्हय. मग ऱ्हाऊ दे."

नियम खराच होता. पण निपाणीकर सरांकडं नुसता शब्द टाकला असता तर त्यांनी चित्र काढून माझ्या हातात दिलं असतं. मागितलं तर "कशाला हवंय?" म्हणतील, म्हणून मी मागितलं नाही.

वर्षभरानं पुढच्या बॅचचा पहिला आला, त्याचं चित्र बोळात लागलं आणि "वृद्ध मजूर" खाली स्टोअरमध्ये गेलं. माझं बस्तान तोवर बसलं होतं. सांगलीत खोली घेतली होती. पोरं सर सर करत मागं फिरायची. रविवारी बाहेरची कामं घ्यायला लागलो होतो. कुणाचा बाप गेला, आजा गेला, की बोटभर फोटो घेऊन माणसं माझ्याकडं यायची आणि मी त्याचा हातभर चेहरा करून द्यायचो. जिल्ह्यात नाव झालं. कोळेकरांच्या हातात मेलेला माणूस बोलायला लागतो, असं लोक म्हणायचे.

पंच्याऐंशी साली तपासणी लागली. बाहेरून दोन साहेब येणार होते आणि त्यांच्या शेऱ्यावर माझी नोकरी कायम व्हायची होती. विद्यालयाला रंग काढायचं ठरलं. दस्तगीर त्याच्या ओळखीच्या माणसाला घेऊन आला. बेडगचा भाऊ मगदूम. आबा तीन वर्षांत बरेच वाकले होते. जिन्यात समोरासमोर आलो, तर त्यांनीच अंग चोरून वाट दिली. "नमस्कार सर." मी मान हलवून पुढं गेलो. आठ दिवस आम्ही हाच खेळ खेळलो. आता कुणाचंच काही चुकत नव्हतं.

रंगकाम लांबलं आणि साहेब येऊन टेकले. त्याच दिवशी सकाळी निपाणीकर सर मला म्हणाले होते, "कोळेकर, स्टोअरमध्ये जुन्या परीक्षेचे चाळीसेक कॅनव्हास पडलेत. नव्याच्या किमती बघताय ना? रंगारी आहेच, तर घासून प्रायमर मारून घ्या. गरीब पोरांना होतील. ठेवण्यासारखं काही असलं तर तेवढं बाजूला काढा. तुम्ही बघा."

मी आबांना सांगायला दस्तगीरला पाठवलं आणि साहेबांबरोबर चहाला बसलो. चहा निम्मा झाला असेल. दारात आबा आले. हातात पॉलिश पेपर होता.

"सर, एक इचारायचं हुतं. कॅनवास समदीच पांढरी करायची का?"

"सगळीच," मी म्हणालो.

"न्हाई म्हंजी, एखादं ठेवायचं असंल तर..."

"मामा, सगळीच म्हटलं ना!"

साहेबांपैकी एकजण हसला. "रंगाऱ्यालाही कलेची कदर आहे हो तुमच्याकडं!" आम्ही सगळे हसलो. आबाही थोडं हसले. "बरं सर," म्हणाले आणि गेले.

सहा वर्षांनी, एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये, आबा छातीत कळ येऊन गेले. त्यांचा एकट्याचा फोटो नव्हता. माझ्या लग्नाच्या फोटोंत ते एका ठिकाणी आहेत, मांडवाच्या खांबामागं, निम्मेच. ते लग्नही मी सासुरवाडीच्या गावी उरकलं होतं, विद्यालयातलं कुणी येऊ नये म्हणून.

दिवसकार्याला पाटावर ठेवायला काहीतरी पाहिजे होतं. आई मला म्हणाली, "समद्या गावाचं बाप काढलंस की रं. तुझा येक काढ."

बसलो. स्मरणचित्र हा विषय मी वर्गात शिकवत होतो. भुवया आल्या, दाढीचे खुंट आले, चुन्यानं खाल्लेली ती बोटं आली. तोंडापाशी आलो की हात अडायचा. उघडं काढू का मिटलेलं, तेच समजेना. चार कागद फाडले. आई उंबऱ्यात बसून बघत होती. शेवटी ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सांगलीला येऊन मी थेट स्टोअर उघडलं. पोरांनी रंगवलेले कॅनव्हास भिंतीला लावून ठेवले होते. मी एकेक उलटा करून बघायला लागलो. मागच्या लाकडी पट्टीवर परीक्षेचा बैठक क्रमांक असतो. माझा सतरा.

दस्तगीर किल्ल्या वाजवत आला. त्याची निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती. "काय हुडकतायसा सर?"

"ब्याऐंशीचं माझं परीक्षेचं चित्र. तो... तो मजूर."

"मगदूम मामाचं?"

मी मान खाली घातली. "दस्तगीर, तो मगदूम नव्हता. माझा बाप होता तो. परवा गेला."

"ठावं हाय," दस्तगीर म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"बाप हाय ते. पैल्या दिवसापासनं ठावं हाय. तुम्ही टाकीमागं बोलत हुता, तवा मी पलीकडं बिडी वढत हुतो."

"मग नऊ वर्षं बोलला का नाहीस?"

"त्यानी हात जोडलं हुतं मला, सर. म्हणला, पोराचं बस्तान बसूस्तवर गप ऱ्हा. मग तुमचं बसलं. मग म्हटलं, आता बोलून काय करायचं?" तो खाली बसला. "कॅनवास घासली त्या दिवशी ते एक चित्र बाजूला ठेवलं हुतं त्यानी. त्याच्यापुढं बसूनच भाकरी खाल्ली. मी म्हटलं, मामा, घिऊन जा घरी, मी बघतो कोण काय म्हणतंय ते. तर म्हणला, न्हाई, सरांस्नी इचारतो. उठला, तुमच्याकडं गेला. परत आला आन घासाय बसला."

आता एवढं सांगितलंय तर शेवटचंही सांगून टाकतो. दस्तगीरला वाटत होतं, मला त्या दिवशी ते चित्र आठवलं नसेल. निपाणीकर सर जिवंत असते तर त्यांनाही तसंच वाटलं असतं. मला आठवलं होतं. आबा दारात उभे राहिले तेव्हाच आठवलं होतं. पण ते चित्र ठेवा म्हटलं असतं तर साहेब म्हणाले असते, आणा बघू इकडं. चित्र आलं असतं, चित्राशेजारी आबा उभे राहिले असते, आणि कुणीतरी चित्राकडं, आबांकडं आणि मग माझ्याकडं बघितलं असतं. आमचं नाक एक आहे. म्हणून मी सगळीच म्हणालो.

कॅनव्हास तिसाव्या का पस्तिसाव्या वेळी सापडला. मागच्या पट्टीवर पेन्सिलीनं बैठक क्रमांक सतरा, माझ्या हातचा. त्याच्याच खाली लाल शाईत नंतर वर्गात दिलेले साडेसहा गुण आणि सही, तीही माझ्याच हातची. सरळ करून बघितलं. दोन वांगी आणि तांब्याचा गडू. कुठल्यातरी पोरानं बरा काढला होता.

दस्तगीर गेल्यावर मी दार लावलं आणि टर्पेंटाइनचा बोळा घेऊन बसलो. वांगी गेली. गडू गेला. खाली पांढरा लागला, किंचित निळसर. मग पॉलिश पेपर घेतला आणि अगदी हळू घासायला लागलो, वरचा पांढरा निघाला की खाली भुवई लागेल, खुंट लागतील, काहीतरी लागेल म्हणून. एक थर गेला. त्याच्याखाली दुसरा थर होता, तोही पांढराच. तो गेला आणि माझ्या बोटांना कापड लागलं.

आबांनी आधी चित्र कापडापर्यंत घासून काढलं होतं, मग वर पांढऱ्याचे दोन हात मारले होते. कच्चं काम त्यांनी कुणाकडंच कधी केलं नाही.